माँ ब्लाँ करायचाय? आधी गूतेच्या नाळेचं गणित बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहतोस, बारा महिने सह्याद्रीत असतोस, लिंगाणा झालाय, अलंग-मदन-कुलंग झालेत, उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलायस, आणि पुढच्या उन्हाळ्यात आल्प्समधलं सगळ्यात उंच शिखर, माँ ब्लाँ, करायचा विचार आहे. तर सगळ्यात सोपी वाट कुठली, गाईडशिवाय जमेल का, आणि शिखर नक्की फ्रान्सचं की इटलीचं.

तिन्हीची उत्तरं देतो पण माझ्या क्रमाने, कारण 'सोपी वाट कुठली' इथून सुरुवात केली की माणूस हमखास नको त्या गोष्टीला घाबरतो आणि ज्याला घाबरायला हवं तिथे निवांत बसून फोटो काढतो. नेहमीची वाट तांत्रिकदृष्ट्या खरंच सोपी आहे. फ्रेंच ग्रेडमध्ये ती पीडी, म्हणजे खालून दुसरी पायरी. तू लिंगाणा चढलायस, तर त्या वाटेवर एकही असा पॅच नाही जो तुला हाताला येणार नाही. पण ही ग्रेड मुख्यतः चढाई किती अवघड हे सांगते, वरून दगड किती येतात हे तिच्यावरून कळत नाही, आणि या वाटेवरचा खरा धोका तोच आहे. त्यामुळे या डोंगराचा सगळा प्लॅन एका नाळेभोवती, म्हणजे डोंगरातल्या उभ्या घळीभोवती बांधायचा, समिटभोवती नाही. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

आधी वाटा. मुख्य तीन धर. पहिली गूतेची वाट: फ्रान्समधल्या सँ जर्वे गावाच्या बाजूने, तेत रूस हट (हट म्हणजे डोंगरावरचं मुक्कामाचं ठिकाण), मग नाळ, मग गूते हट, मग शिखर. दुसरी शामोनीहून केबल कारने एग्वी द्यू मिदी (३८४२ मी), तिथून कॉस्मिक हट (३६१३ मी) आणि मग ताक्युल शिखराच्या खांद्यावरून पुढे जाणारी 'तीन शिखरांची' वाट, जी दिसायला तिन्हीत सगळ्यात देखणी आहे पण तिथे डोक्यावर हिमकडे लटकलेले असतात, मध्ये एक उभी बर्फाची भिंत आहे आणि उतरताना पुन्हा चढ लागतात, त्यामुळे दमलेल्या माणसाला ती परत येताना सोडत नाही. तिसरी इटलीकडून, गोनेला हट (३०७१ मी) वरून. ती लांब आहे, शांत आहे, हिमनदीवरची आहे, आणि १८९० साली आखिले राट्टी नावाचे एक पाद्री या बाजूने उतरले होते, तेच पुढे पोप झाले, म्हणून तिला पोपची वाट म्हणतात. सुंदर आहे, पण जुलै संपत आला की तिथल्या हिमनदीतल्या भेगा इतक्या उघड्या पडतात की बऱ्याच वर्षी मोसम संपायच्या आधीच ती वाट बंद पडते. तुझ्यासाठी गूतेचीच. यात मला शंका नाही.

आता ही वाट पायाखालून घेऊ. खाली ल फायेहून दातेरी रुळांची जुनी ट्रेन निघते, ती नी देग्लपर्यंत (२३७२ मी) चढवते. काही वर्षी काम चालू असलं की ती वर पोचायच्या आधीच थांबते, म्हणून निघायच्या आधी वेळापत्रक बघ, नाहीतर पहिल्याच दिवशी नको तेवढी चाल पडते. तिथून घसाऱ्यातून अडीच-तीन तासात तेत रूस (३१६७ मी). इथपर्यंत साधा ट्रेक आहे.

तेत रूसच्या वर अर्ध्या-पाऊण तासावर ती नाळ आडवी येते, फ्रेंच तिला ग्राँ कुलवार म्हणतात. आपण सिंगापूर नाळ किंवा नळीच्या वाटेत नाळेतून चढतो, इथे तसं नाही, इथे नाळ ओलांडायची असते. जेमतेम शंभरेक मीटरची आडवी चाल, एका पायवाटेएवढी जागा, आणि वर चार-पाचशे मीटरचा मोकळ्या खडकांचा उतार जो थेट तुझ्यावर रोखलेला आहे. हे खडक पूर्वी वर्षभर गोठून जागच्या जागी असायचे. आतला कायमचा बर्फ म्हणजे त्या दगडांमधलं सिमेंट होतं, आणि आता उन्हाळे तापायला लागलेत तसं ते सिमेंट वितळतंय. दिवसा वरचा बर्फ पाघळतो, पाणी फटींमध्ये जातं, दगड सुटतात. कधी मुठीएवढे, कधी फ्रीजएवढे. १९९० ते २०१७ या काळात गूतेच्या या भागात शंभराच्या वर माणसं गेलीत. २०२२ च्या उन्हाळ्यात तर इतके दगड कोसळत होते की तेत रूस आणि गूते दोन्ही हट काही आठवडे बंद ठेवल्या, आणि सँ जर्वेच्या महापौरांनी तर चढणाऱ्यांकडून १५,००० युरो डिपॉझिट घ्यावं असं जाहीरपणे सुचवलं, म्हणजे सुटकेचा आणि अंत्यसंस्काराचा खर्च निघेल. लोक चिडले, पण त्या महिन्यात नाळ ज्याने बघितली असेल त्याला महापौरांचा संताप कळला असता.

म्हणून नियम. नाळ रात्रीच्या गारठ्यात किंवा पहाटे ओलांडायची, जेव्हा वर सगळं आवळलेलं असतं. काठावर येऊन थांबायचं, हेल्मेट घट्ट, हेडफोन नाही, बोलणं बंद, वर बघत कान द्यायचे. मग एकेकाने निघायचं आणि मध्ये अजिबात थांबायचं नाही, फोटोला नाही, बुटाची लेस सुटली तरी नाही. तिथे एक लोखंडी वायर ताणलेली आहे. तिच्यात स्लिंग (कमरेच्या हार्नेसला जोडलेला पट्टा) अडकवावी का यावर दोन तट आहेत. माझं मत असं की पायाखाली कडक बर्फ असेल आणि घसरायची भीती असेल तर अडकव, कोरडं असेल तर सरळ पटकन निघून जा, कारण वायर तुझं घसरणं थांबवते, दगड थांबवत नाही, आणि अडकवण्या-सोडवण्यात तू नेमका नको तिथे उभा राहतोस. गाईड बरोबर असेल तर तो म्हणेल ते, तिथे वाद नको.

नाळ ओलांडली की लोकांना वाटतं सुटलो. तसं नाही. पुढे गूतेपर्यंत साधारण साडेचारशे-पाचशे मीटर खडकाळ धार आहे, हातापायाने चढायची, अवघड जागी वायर लावलेल्या. चढाई तुला अगदी ओळखीची वाटेल, दृष्टिभय लिंगाण्याच्या निम्मंही नाही. पण खडक कच्चा आहे, वरची मंडळी दगड पाडतात, आणि बरेच अपघात याच धारेवर घसरून होतात, आणि तेही उतरताना. समिट झालेलं, पाय थरथरतायत, ऊन डोक्यावर, क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे लोखंडी काटे) कुठे काढायचे कुठे ठेवायचे याचा कंटाळा, मागे लोकांची रांग. सह्याद्रीत कातळकड्यावरून उतरायची तुझी सवय इथे कामाला येईल, बहुतेक युरोपियन हौशी लोकांपेक्षा तू इथे सरस असशील, मात्र थकलेला नसलास तर.

आता वेळेचा हिशोब, आणि हा कागदावर लिहून काढ.

पहिला दिवस तेत रूसला मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडायच्या आत नाळ ओलांडून सकाळी आठ-नऊला गूते हट (३८३५ मी, ही नवी अंड्याच्या आकाराची इमारत २०१३ ला सुरू झाली). उरलेला दिवस तिथे झोप, पाणी, झोप. तिसऱ्या दिवशी रात्री दोनला निघायचं. साडेचारच्या सुमारास व्हालो (४३६२ मी, वाटेतला संकटकाळचा निवारा), साडेसहा-सातला शिखर, साडेनऊला परत गूते, आणि न रेंगाळता निघालास तर साडेअकराच्या आत नाळेपाशी. हे सगळं नीट गेलं तर. आता यात प्रत्येक टप्प्यावर अर्धा तास वाढव, तर तू दुपारी दीड-दोनला, उन्हाच्या कडाक्यात, थकलेल्या पायांनी नाळेत आहेस. म्हणून पाठीमागून मोजायचं: नाळ किती वाजता ओलांडायची हे आधी ठरवायचं आणि त्यावरून शिखराची वेळ काढायची, उलटं नाही. सहा वाजून गेले आणि अजून व्हालोला पोचला नाहीस तर आकाश कितीही निळं असलं तरी फिर. गूतेला दुसरी रात्र मिळत असेल तर खर्च वाढला तरी घे, म्हणजे समिटवरून येऊन तिथेच झोपायचं आणि चौथ्या दिवशी पहाटे गार नाळ ओलांडायची. मला विचारशील तर या वाटेवर पैसे खर्च करायची ही सगळ्यात योग्य जागा.

काही जण तेत रूसहूनच रात्री बाराला निघून एका दमात शिखर करून खाली येतात. चढताना नाळ रात्री मिळते हे खरं, पण साधारण साडेसोळाशे मीटर चढून उतरून तू नाळेत पुन्हा दुपारीच येतोस. ज्यांचे पाय तसे आहेत त्यांनी करावं, पहिल्यांदा जाणाऱ्याने नको.

गूतेच्या वर सगळं बदलतं. खडक संपतो, बर्फच बर्फ. आधी डोम द्यू गूतेचा (४३०४ मी) रुंद, कंटाळवाणा चढ, मग व्हालो, मग बॉसची धार आणि शिखर. डोमवर चांगल्या हवेत काहीच अडचण नाही, रात्री हेडटॉर्चची ओळ लागलेली असते, मागोमाग जायचं. पण ढग उतरला की तीच जागा सगळ्यात वाईट, कारण तिथे धरायला काहीच खूण नाही, सगळीकडे पांढरं, उतार कुठल्या बाजूला हेसुद्धा पायाला कळत नाही, आणि चुकीच्या बाजूला भेगा आणि कडे आहेत. जीपीएसवर ट्रॅक आधीच टाकून ठेव, फोन अंगाजवळ उबेत ठेव नाहीतर बॅटरी थंडीने बसते. व्हालोला पत्र्याची एक खोली आहे, ती फक्त संकटासाठी. तिथे झोपायचा बेत करून जाणारे लोक असतात, तू त्यातला होऊ नकोस, कारण खऱ्या वादळात अडकलेल्यांना जागा उरत नाही.

बॉसची धार अरुंद आहे, दोन्हीकडे उतार, समोरून उतरणारे लोक येतात तेव्हा एकाने बाजूला उभं राहावं लागतं. इथे वारा हाच निर्णय घेतो. शिखरावर ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे वारा सांगितला असेल तर जाऊ नकोस, तापमान उणे दहा असलं तरी अशा वाऱ्यात बोटं काही मिनिटांत बधिर होतात.

याच वरच्या भागात आपल्या लोकांनी थोडं थांबावं असं मला मनापासून वाटतं, थांबणं मनातल्या मनात का होईना. एअर इंडियाची दोन विमानं या डोंगरावर पडली. ३ नोव्हेंबर १९५० ला 'मलबार प्रिन्सेस', मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला निघालेलं, ४८ जण, त्यात बहुतेक बोटीवर कामाला निघालेले खलाशी. त्यांच्या शोधाला वर जाताना रेने पायो हा शामोनीचा गाईड हिमभेगेत पडून गेला. आणि २४ जानेवारी १९६६ ला 'कांचनजंगा' नावाचं बोइंग ७०७, ११७ जण, त्यात व्हिएन्नाला निघालेले डॉ. होमी भाभा. दोन्ही विमानं शिखराजवळच्या वरच्या उतारांवर आदळली आणि अवशेष बर्फात गाडले गेले, आणि बोसाँ हिमनदी ते हळूहळू खाली वाहून आणतेय. २०१२ ला भारत सरकारची एक डिप्लोमॅटिक बॅग सापडली, २०१३ ला एका तरुण गिर्यारोहकाला पाचू-माणकांचा डबा सापडला आणि त्याने तो पोलिसांत नेऊन दिला, २०२० ला १९६६ च्या जानेवारीतली भारतीय वर्तमानपत्रं निघाली, इंदिरा गांधी पंतप्रधान होणार अशा मथळ्यांची. बोसाँच्या पायथ्याशी गेलास आणि पत्र्याचा तुकडा, वायर, कपड्याची चिंधी दिसली तर आठवण म्हणून खिशात घालू नकोस. तिथे माणसं आहेत. काही महत्त्वाचं वाटलं तर शामोनीत पोलिसांना कळव.

हिमनदी साठ-साठ वर्षं पोटात घेतलेलं असं खाली आणून सोडते, यावरून ती किती चालती आहे हेही कळतं. काल जिथे बर्फाचा पूल होता तिथे आज भेग असते. म्हणून गाईडच्या प्रश्नावर येतो.

कायद्याने गाईड सक्तीचा नाही. परमिट नाही, लायझन ऑफिसर नाही, आपल्याकडच्यासारखं आयएमएफचं (इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन) काही नाही. पण तू फक्त बेसिक केलायस. बेसिकमध्ये क्रिव्हास रेस्क्यू, म्हणजे हिमभेगेत पडलेल्याला वर काढणं, दाखवतात, एकदा-दोनदा करून घेतात, आणि ते सहा जणांच्या रोपवर. दोघांच्या रोपवर तुझा पार्टनर भेगेत लटकलाय, तू बर्फात आडवा पडून त्याचं वजन धरलंयस, आणि त्याच अवस्थेत अँकर ठोकून त्याच्यावर वजन द्यायचंय, हे तू पन्नासदा केलेलं नसेल तर तिथे होत नाही. तू आणि तुझा पार्टनर दोघंही ॲडव्हान्स केलेले असाल, हिमनदीवर स्वतःच्या जबाबदारीवर रोप चालवला असेल, तर गाईडशिवाय जा. नाहीतर गाईड घे, आणि त्यात कमीपणा काही नाही. शामोनीची गाईडांची कंपनी १८२१ सालची आहे, १७८६ च्या ८ ऑगस्टला पहिल्यांदा शिखरावर पोचलेले दोघंही, जाक बाल्मा आणि डॉक्टर मिशेल पाकार, याच गावचे, आणि या लोकांना ती नाळ रोज सकाळी कशी आहे हे कळतं जे आपल्याला इंटरनेटवर कळत नाही.

या वाटेवर एका गाईडमागे जास्तीत जास्त दोन क्लायंट असतात. मुंबई-पुण्याहून कुणी 'माँ ब्लाँ मोहीम' म्हणून पॅकेज विकत असेल तर पहिला प्रश्न विचार: वर रोपवर माझ्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना असलेला गाईड असेल का, आणि तो किती जणांमागे एक? फ्रान्समध्ये पैसे घेऊन लोकांना डोंगरावर न्यायला तो परवाना लागतो, आपल्याकडचा कितीही अनुभवी ट्रेक लीडर असला तरी चालत नाही. उत्तर गोलगोल आलं तर पैसे भरू नकोस.

बुकिंगबद्दल थोडं कडक बोलतो. २०१९ पासून या वाटेवर हटच्या रिझर्व्हेशनशिवाय वर जाता येत नाही. तंबू लावायला बंदी आहे, तपासणी होते, दंड होतो. बुकिंग नावावर असतं आणि मोसमाच्या बरंच आधी उघडतं आणि भराभर भरतं. गूते हटला फक्त १२० जागा आहेत. तेव्हा व्हिसाची तारीख, ऑफिसची रजा, फ्लाइट हे सगळं हट मिळाल्यावर, आधी नाही. गाईडमार्फत गेलास तर तो बहुतेक वेळा हे बघतो. शाकाहारी असशील तर बुकिंग करतानाच सांग, वर गेल्यावर सांगितलंस तर पास्ता आणि चीजवर रात्र काढावी लागते. गूतेला नळाचं पाणी प्यायला मिळत नाही, बाटल्या विकत घ्याव्या लागतात, त्याची सोय खिशात ठेव. खाऊ मात्र घरून ने, राजगिऱ्याचा लाडू आणि खजूर उंचीवर जेवढे घशाखाली उतरतात तेवढे तिथले चॉकलेट बार उतरत नाहीत, थंडीत दगड होतात ते.

कधी जायचं? जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलैचा पहिला आठवडा, म्हणजे नाळेत बर्फ शिल्लक असतो आणि दगड त्यात दबलेले असतात. जुलै अखेर आणि ऑगस्ट हा सुट्ट्यांचा मोसम असला तरी मी टाळीन. उष्णतेची लाट आली की स्थानिक गाईड स्वतःहून ही वाट बंद करतात, तेव्हा त्यांच्याशी घासाघीस करू नकोस, पैसे गेले तर गेले.

किती दिवस? पुण्यातून निघताना पंधरा दिवस हातात असावेत. माझ्या मते आपल्या मंडळींचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, दहा दिवसांची रजा, त्यात पॅरिस आणि स्वित्झर्लंडही, आणि मधले चार दिवस माँ ब्लाँ. हवामान तुझ्या रजेप्रमाणे चालत नाही. पोचल्यावर दोन दिवस शामोनीच्या दरीत चाल, मग इटलीतल्या ग्रान पारादीसोला (४०६१ मी) जा. हे पूर्णपणे इटलीच्या हद्दीतलं एकमेव स्वतंत्र चार हजारी शिखर, व्हित्तोरिओ एमानुएले हटवरून करतात, हिमनदी आहे, शेवटी थोडी खडकाची चढाई आहे. तिथे तुला उंची कशी लागते, रोपवर चालणं कसं जमतं, बूट चावतो का, हे सगळं कमी किमतीत कळतं. मग एक पूर्ण दिवस खाली आराम. मग माँ ब्लाँचे तीन-चार दिवस, आणि त्याच्या मागे हवामानासाठी किमान तीन दिवस मोकळे. शेंगेन व्हिसावर फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड सगळं चालतं, फक्त व्हिसाची मुदत प्रवासाच्या दिवसांपेक्षा थोडी जास्त मिळेल असं बघ.

उंचीला हलकं घेऊ नकोस. 'मी साडेपाच हजारावर गेलोय हिमालयात' हे मागच्या वर्षीचं झालं, शरीराला ते आठवत नाही. आल्प्समध्ये चढ इतका पटकन होतो की दोन दिवसात समुद्रसपाटीवरून ३८०० वर झोपायची वेळ येते. डोकं दुखणं, उलटी, भूक नाही, हे गूतेला बऱ्याच जणांना होतं. पण चालताना झोक जायला लागला, बोलणं अडखळलं, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला सुरू झाला तर समिट विसरायचं आणि लगेच खाली, रात्र असली तरी बचाव पथकाला फोन करून. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे निघायच्या आधी डॉक्टरांना विचार, वर जाऊन मित्राच्या किटमधून नको.

तयारीचं सांगायचं तर कळसूबाई तुझी परीक्षा. बारीतून शिखर, जवळपास नऊशे मीटर चढ, पाठीवर दहा किलो, अडीच तासांच्या आत, आणि वर पोचल्यावर बोलता आलं पाहिजे. मग उतरून, पाणी पिऊन, पुन्हा वर. दुसऱ्या फेरीत उतरताना पाय कसे पडतात ते बघ, कारण माँ ब्लाँचा तिसरा दिवस म्हणजे तीच दुसरी फेरी. जानेवारीपासून आठवड्यातून दोनदा सिंहगड आणि महिन्यातून दोनदा असा लांब दिवस, एवढ्यावर पाय तयार होतात. क्रॅम्पॉन घालून चालायची सवय मात्र इथे होणार नाही, ती ग्रान पारादीसोलाच लावून घे, आणि सेल्फ अरेस्ट (घसरल्यावर आईस ॲक्सने स्वतःला थांबवणं) तिथल्या पहिल्या चांगल्या उतारावर दहा-वीस वेळा कर, दोन्ही हातांनी, डोकं खाली करूनसुद्धा.

सामानावर फार लिहीत नाही. बूट, क्रॅम्पॉन, आईस ॲक्स शामोनीत भाड्याने चांगले मिळतात, बूट एक दिवस आधी घेऊन दरीत घालून फिर. हेल्मेट स्वतःचं ने. हातमोजे दोन जोड्या, एक हरवतोच. गॉगल कॅटेगरी चारचा, म्हणजे सगळ्यात गडद काचेचा, साधा नको.

इन्शुरन्स: फ्रान्समध्ये डोंगरातलं सरकारी बचाव पथक साधारणपणे पैसे घेत नाही, पण इटलीच्या बाजूला बिल येऊ शकतं आणि हॉस्पिटलचा खर्च तर दोन्हीकडे तुझाच. व्हिसासाठी आपण जो ट्रॅव्हल इन्शुरन्स घेतो त्यात गिर्यारोहण बहुतेक वेळा वगळलेलं असतं, बारीक अक्षरं वाच. आल्प्समधल्या एखाद्या अल्पाईन क्लबची मेंबरशिप घेतलीस तर काहींच्यात बचावाचा विमा येतो आणि हटमध्ये सवलतही मिळते. फोन ११२.

राहिला सरहद्दीचा प्रश्न. १८६० ला सव्हॉय फ्रान्सकडे गेलं तेव्हापासून हा वाद आहे आणि अजून मिटलेला नाही. इटलीच्या नकाशात सरहद्द बरोबर शिखरावरून जाते, म्हणजे शिखर दोघांचं. फ्रेंच नकाशात शिखर पूर्ण फ्रान्सचं आणि सरहद्द जरा खालच्या माँ ब्लाँ द कूरमायूरवरून (४७४८ मी). वर काही पाटी नाही, चौकी नाही. उंचीही ठरलेली नाही, कारण वरचा माथा बर्फाचा आहे आणि तो वाऱ्याने कमीजास्त होतो. २००७ ला ४८१०.९० भरली होती, २०२१ ला ४८०७.८१, २०२३ ला ४८०५.५९. खालचा खरा खडक ४७९२ मीटरवर आहे आणि तोसुद्धा बर्फाच्या माथ्याच्या बरोबर खाली नाही, थोडा पश्चिमेला आहे.

तर आता करायचं काय ते: पार्टनर पक्का कर, त्याचा कोर्स आणि फिटनेस विचार, गाईड घ्यायचा असेल तर याच हिवाळ्यात मेल टाक, आणि मेलमध्ये पहिल्या ओळीत हे विचार की गूतेला समिटनंतरची दुसरी रात्र मिळेल का. नाही म्हणाला तर तो समिटच्या दिवशी नाळ किती वाजता ओलांडायचं धरतो ते विचार. बाराच्या आतली वेळ आली तर बोलणं पुढे ने.